इमारत पाडण्याआधी : पुनर्विकासाला निघालेल्या गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य,
पुनर्विकास हाती घेतलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुंबई, ठाणे व परिसर.

विषय : रिकामी होणारी इमारत कायदेशीर आणि सुरक्षित रीतीने पाडण्याची पूर्वतयारी.

सप्रेम नमस्कार.

पुनर्विकासाचा करारनामा कोणत्याही संस्थेचा असो, त्यात नव्या सदनिकेचा कार्पेट एरिया, कॉर्पस (विकासकाकडून सभासदांना मिळणारा एकरकमी निधी), पर्यायी जागेचे भाडे, सामान हलवण्याचा खर्च, दलाली, पार्किंग, अगदी ओट्याचा ग्रॅनाइट आणि नळांची कंपनी यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. जुनी इमारत पाडण्याचा विषय मात्र बहुतेक करारनाम्यांत एका वाक्यात उरकलेला असतो : विकासक स्वखर्चाने इमारत पाडील आणि निघालेल्या मालावर त्याचा अधिकार राहील. संरचना अभियंता या नात्याने अशा करारनाम्यांची तांत्रिक परिशिष्टे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे, आणि समितीच्या बैठकीत या वाक्यावर कुणी बोट ठेवल्याचे मला क्वचितच आढळले आहे. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे.

त्या वाक्याचा उत्तरार्ध आधी पाहावा, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे पाडकामाचा ठेकेदार बहुधा विकासकाकडून पैसे घेत नाही. उलट तोच विकासकाला पैसे देतो. इमारतीतल्या सळया, खिडक्यांचे ग्रिल, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, सागवानी चौकटी, लिफ्टचे मशीन, तांब्याच्या तारा या सगळ्याचा अंदाज बांधून तो एक ठोक रक्कम बोलतो, आणि जो जास्त बोलेल त्याच्या ताब्यात इमारत जाते. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही; जुना माल पुन्हा वापरात जातो, हे चांगलेच. परंतु ज्याने भंगारासाठी पैसे मोजले आहेत, त्याच्या कामाचा क्रम भंगाराच्या भावाने ठरतो. पहिल्या दोन-चार दिवसांतच ग्रिल आणि कठड्याचे पाइप निघतात, म्हणजे उंचीवर काम करणाऱ्या माणसाला जो काही आडोसा होता तोच आधी जातो. सळई लवकर मोकळी व्हावी म्हणून स्लॅब फोडण्याची घाई होते, आणि ज्यातून पैसा सुटत नाही तो राडारोडा त्याच मजल्यावर साचत राहतो. जाळी, ताडपत्री, टेकू, पाण्याचा फवारा आणि पर्यवेक्षक हे सर्व त्याच्या लेखी नफ्यातून वजा होणारे खर्च असतात, म्हणून ते होत नाहीत.

यासाठी माझी मुख्य मागणी अशी आहे की, भंगाराची विक्री आणि पाडकाम हे दोन स्वतंत्र व्यवहार मानावेत. जुन्या मालाचा लिलाव विकासकाने खुशाल करावा, मात्र पाडकामाचे कंत्राट त्या बोलीवर देऊ नये. पाडकाम हे नव्या प्रकल्पाचे पहिलेच बांधकाम आहे असे धरून त्याला लेखी कार्यपद्धती, त्यावर सही करणारा परवानाधारक संरचना अभियंता, जागेवर पूर्णवेळ हजर राहणारा पर्यवेक्षक आणि अंदाजपत्रकात वेगळी दाखवलेली रक्कम असावी, आणि हे सर्व करारनाम्यातच लिहिलेले असावे.

‘हे विकासकाचे काम आहे, संस्थेचा यात काय संबंध?’ असा प्रश्न अनेक पदाधिकारी विचारतात. संबंध असा की जमीन संस्थेची आहे. विकासक तुमच्या कुलमुखत्यारपत्रावर अर्ज करतो. महापालिकेच्या कागदांवर मालक म्हणून संस्थेचेच नाव राहते. शेजारच्या इमारतीला तडा गेला, फुटपाथवरच्या माणसावर वीट पडली, राडारोडा खाडीच्या कडेला कांदळवनात टाकताना डंपर पकडला गेला, तर चौकशीचा कागद केवळ विकासकाच्या कार्यालयात जाऊन थांबेल अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही.

आता क्रमाविषयी. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालील निर्देश, म्हणजे ३ जानेवारी २००९ चे आणि त्यांच्या जागी आलेले ४ जुलै २०१९ चे, बहुतेक समित्यांना आता पाठ झाले आहेत : विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, निविदा, विकासकाची निवड, प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी, नोंदणीकृत करारनामा. त्यापुढे मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३४६ खालील आयओडी (बांधकाम प्रस्तावाला अटींसह मिळणारी पहिली मंजुरी) येते, आणि तिच्यासोबत अटींची भलीमोठी यादी येते. ही यादी वास्तुविशारदाच्या फायलीत पडून राहते. ती समितीने स्वतः वाचावी. जुने बांधकाम पाडण्याआधी कोणत्या खात्यांची ना-हरकत पत्रे लागतात, आवारातल्या झाडांबाबत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळाली आहे की नाही, राडारोड्याची योजना मंजूर आहे की नाही, हे सर्व त्या अटींतच असते. मुंबईबाहेरच्या शहरांत डिसेंबर २०२० पासूनची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू असल्याने कागदांची नावे बदलतात, पण तत्त्व तेच राहते : परवानगी हातात, मग घरे रिकामी, मग जोडण्या बंद, आणि त्यानंतरच घणाचा पहिला घाव. आयओडीचा पत्ता नसताना चाव्या देऊन बसलेल्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या इमारती अर्धवट उघड्या पडतात, आणि तिथे परत राहायला जाण्याची वाटही बंद होते.

अतिधोकादायक, म्हणजे सी-१ वर्गात गेलेल्या इमारतीचा क्रम अर्थातच वेगळा आहे. तिथे मुंबईत कलम ३५४ ची, तर इतर महापालिकांत १९४९ च्या अधिनियमातील कलम २६४ ची नोटीस येते, आणि माणसे बाहेर काढणे हे पहिले काम असते. करारनामा, विकासक, कॉर्पस हे सर्व नंतर. कुर्ल्याच्या नाईक नगरमधील इमारत जून २०२२ मध्ये कोसळून १९ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ती धोकादायक असल्याचे आधीच कळवण्यात आले होते, तरीही माणसे आत राहत होती. घर सोडले की हक्क गेला, ही भीती लोकांना अशा इमारतीत धरून ठेवते. ती समजण्यासारखी आहे, पण कायद्याला धरून नाही. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. समितीने करायचे ते एवढेच, की त्या हक्काचा पुरावा इमारतीसोबत मातीत जाऊ द्यायचा नाही. प्रत्येक सदनिका, गाळा, गॅरेज आणि गच्चीवरची खोली यांचे मोजमाप सभासदाच्या उपस्थितीत घ्यावे, नकाशावर दोघांच्या सह्या असाव्यात, चित्रीकरण व्हावे आणि कोण कोणत्या नात्याने राहत होते त्याचा तक्ता संस्थेच्या दप्तरी ठेवावा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत तीस-चाळीस वर्षांत पडलेला फरकही याच वेळी लिहून काढावा. त्याचा उपयोग पुढे पाडकामातही होतो. तो कसा, ते खाली येईलच.

चाव्या देण्याचे दिवस हा माझ्या मते संपूर्ण पुनर्विकासातला सर्वांत धोक्याचा काळ असतो, कारण त्या दिवसांत इमारत धड राहती नसते आणि धड रिकामीही नसते. उपनगरातल्या एका संस्थेत मी पाहिले ते असे : तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचा विकासकाशी वाद चालू होता आणि ते तिथेच राहत होते. त्यांच्या डोक्यावरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत ठेकेदाराच्या माणसांनी न्हाणीघराची लादी उखडून नळ काढून नेले होते. पाइपचे तोंड लाकडी खुंटी मारून बंद केले होते. गच्चीवरची टाकी रोज भरली जात होती, ती खुंटी रोज थोडी सैल होत होती, आणि खालच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबमधून ओलीचा डाग गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर पसरत होता. जिन्याच्या कठड्याचा पाइप कापून नेल्यामुळे त्या घरातली आजी भिंतीला हात लावून उतरत होती. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही; कुणीतरी भंगाराचे पैसे भरले होते आणि त्याला थांबायला परवडत नव्हते. परंतु शेवटचे कुटुंब बाहेर पडून त्याचा ताबा लेखी मिळेपर्यंत इमारतीतला एकही खिळा काढला जाणार नाही, हे करारनाम्यात लिहिलेले असते तर ती वेळ आली नसती. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि वर माणसे राहत होती. राहत्या इमारतीत तोडफोड म्हणजे काय, हे सांगायला याहून दुसरे उदाहरण नको. वाद घालणाऱ्या सभासदाविरुद्ध न्यायालयात जाता येते, आणि न्यायालये बहुमताच्या बाजूने आदेश देतातही. तो मार्ग सोडून त्याच्या शेजारची खिडकी काढणे हा दबाव झाला, तयारी नव्हे.

सर्वजण गेल्यावर जोडण्यांचे काम येते, आणि इथे ‘बंद केले’ आणि ‘तोडले’ यांत गल्लत होते. घरोघरचे मीटर काढून नेले म्हणजे इमारतीतली वीज गेली असे नाही. पंपाचा, जिन्याचा आणि लिफ्टचा सामाईक मीटर राहतो, आणि मीटर रूमपर्यंत आलेली मुख्य केबल रस्त्यावरच्या पिलर बॉक्सपासून जिवंतच असते. ती वीज कंपनीने बाहेरून कायमची खंडित केली आहे असे पत्र हातात येईपर्यंत मीटर रूमला कुलूप असावे. पाइप गॅसचेही तसेच आहे. स्वयंपाकघरातला कॉक फिरवणे म्हणजे जोडणी तोडणे नव्हे. भिंतीला धरून वर गेलेल्या पाइपमध्ये वायू असतो, आणि त्याच भिंतीवर पुढे गॅस कटर चालणार असतो. गॅस कंपनीने आवाराबाहेरून वाहिनी वेगळी करावी, पाइप रिकामा करावा आणि तसे लिहून द्यावे. मलनिःसारणाची जोडणी चेंबरपाशी बंद केली नाही तर सिमेंटचा चिखल गल्लीच्या गटारात उतरतो आणि पहिल्याच पावसात त्याचा हिशेब शेजाऱ्यांना द्यावा लागतो. गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर असेल तर त्याची नोटीस काही महिने आधी द्यावी, कारण तो उतरवणारी माणसे त्यांच्या सवडीने येतात. गच्चीवरची टाकी रिकामी करणे ही किरकोळ बाब वाटते, परंतु २०,००० लिटरच्या टाकीतले पाणी म्हणजे इमारतीच्या माथ्यावरचे २० टन वजन असते. आणि एक विरोधाभास जाता जाता सांगतो : उत्साहाच्या भरात संस्था पाण्याची जोडणीही पूर्ण तोडून टाकते, मग धूळ बसवायला जागेवर थेंब नसतो. पाडकामापुरती बांधकामाच्या पाण्याची किंवा टँकरची सोय आधी ठरवलेली असावी.

हे सर्व मी माझ्या मनचे सांगत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात बांधकामाच्या व्याख्येतच पाडकाम धरले होते, आणि त्याखालच्या १९९८ च्या नियमांत पाडकामावर स्वतंत्र प्रकरण होते. काम सुरू होण्याआधी बाह्य खिडक्या-दारांतील काचा काढाव्यात, वीज, गॅस व पाण्याच्या वाहिन्या बंद करून त्यांची तोंडे सुरक्षित करावीत, आणि लगतच्या इमारतींच्या भिंती तपासाव्यात, असे त्यात सांगितलेले होते. कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. भारतीय मानक ४१३० हे तर केवळ इमारती सुरक्षितपणे पाडण्यासाठीच आहे. निविदेत या मानकाचा उल्लेख करायला एक ओळ पुरते.

लगतच्या इमारतींची तपासणी हा समितीने सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा भाग आहे. आपल्या वसाहतींत दोन इमारतींमध्ये दहा-बारा फूट अंतर असले तरी ते भाग्य समजतात. जुन्या चाळींत आणि पेठांतल्या वाड्यांत भिंतच सामाईक असते. पाडकामाच्या आधी शेजारच्या इमारतीत, तिथल्या रहिवाशांच्या परवानगीने, प्रत्येक खोलीतले जुने तडे, ओल, सुटलेला गिलावा यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, मोठ्या तड्यांवर, तडा वाढला की फुटणाऱ्या काचपट्ट्या बसवाव्यात आणि अहवालाची एक प्रत त्यांच्या सचिवांना द्यावी. तडा आधीचा की नंतरचा हा वाद, जो एरवी पोलीस ठाण्यापर्यंत जातो, त्या एका अहवालाने मिटतो. भिंत सामाईक असेल तर ती पाडायची नाही. तिला आधार द्यायचा, तिचा उघडा पडलेला भाग गिलावा करून पावसापासून झाकायचा, आणि त्याचा खर्च आपल्या प्रकल्पात धरायचा. तृतीय पक्षाचा विमा काढणे आणि त्याची मुदत पाडकामाच्या अंतापर्यंत असल्याची खात्री करणे, हेही इथेच येते.

प्रत्यक्ष पाडकामाची पद्धत ठरवण्याआधी इमारत कशी बांधली होती हे कळले पाहिजे. पुण्याच्या चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवण्यात आला, तेव्हा तो पूर्ण पडला नाही. काँक्रीट फुटले, पण सळयांनी सांगाडा धरून ठेवला. अंदाजापेक्षा लोखंड जास्त निघाले आणि उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. ते काम अनुभवी लोकांचे होते आणि महामार्ग बंद ठेवून केलेले होते. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या, नकाशे हरवलेल्या, प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी भिंत हलवलेल्या इमारतीत मुकादमाच्या नजरेवर भिस्त ठेवणे किती योग्य, याचा विचार करावा. मघाशी सांगितलेली मोजमापे आणि फेरफारांची नोंद संरचना अभियंत्याच्या हाती द्यायची ती यासाठी. कोणती भिंत भार घेते, कोणता बीम नंतर लोखंडी गर्डरने बदलला आहे, कोणत्या कॉलमची सळई गंजून संपली आहे, हे त्याला पाडकामाच्या आधी माहीत असले पाहिजे.

पद्धतीचे सूत्र सोपे आहे : ज्या क्रमाने बांधले त्याच्या उलट क्रमाने, वरून खाली, एकेक मजला. अवघड असतो तो तपशील. गॅलरीचेच पाहा. बाहेर झेपावलेला गॅलरीचा स्लॅब आतल्या खोलीच्या स्लॅबने आणि भिंतीच्या वजनाने धरून ठेवलेला असतो. सळईच्या ओढीने आतला स्लॅब आधी फोडला की बाहेरचा भाग उलटतो, आणि तो उलटताना त्यावर उभा असलेला माणूस सोबत जातो. म्हणून गॅलऱ्या, छज्जे आणि कठडे आधी, खालून टेकू देऊन, आत ओढून घ्यायचे असतात. जिना शेवटपर्यंत राखायचा असतो, कारण कामगारांची सुटकेची वाट तीच. आता मजल्यावर साचणाऱ्या राडारोड्याचा हिशेब. राहत्या घराचा स्लॅब साधारणतः चौरस मीटरमागे २०० किलो चलभारासाठी, म्हणजे माणसे व सामान यांच्या वजनासाठी, आखलेला असतो. फुटलेल्या विटा-काँक्रीटचा एक फूट उंचीचा थर चौरस मीटरमागे सुमारे ४०० किलो भरतो. म्हणजे गुडघाभर ढीग साचेपर्यंत स्लॅबवर तो ज्यासाठी आखला त्याच्या जवळजवळ तिप्पट भार आलेला असतो, आणि हा स्लॅब नवा नसतो. धोकादायक म्हणून पाडायला काढलेलाच असतो. त्यात वर क्रेनने चढवलेला छोटा पोकलेन हादरे देत फिरत असेल, तर खालच्या किमान दोन मजल्यांना टेकू दिल्याशिवाय आणि अभियंत्याने यंत्राच्या वजनाची गणना लिहून दिल्याशिवाय ते यंत्र वर जाऊ नये. राडारोडा रोजच्या रोज खाली आला पाहिजे, तोही बंद घसरंडीतून. वरून फेकून नव्हे.

नोएडातील दोन टोलेजंग इमारती २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत जमीनदोस्त झाल्या तेव्हापासून काही सभासद ‘स्फोटाने एका दिवसात का उरकत नाही’ असे विचारू लागले आहेत. त्या पाडण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ३१ ऑगस्ट २०२१ चा होता. मधले वर्ष तयारीत गेले. आपल्या गल्लीतल्या चार मजली इमारतीसाठी तो प्रश्न निघू नये हेच बरे.

धूळ आणि राडारोड्याबाबत मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. भूखंडाभोवती उंच पत्रे, पाडली जाणारी इमारत वरपासून खालपर्यंत ताडपत्री, हिरवे कापड किंवा गोणपाटाने झाकलेली, काम चालू असेपर्यंत सतत पाण्याचा फवारा, आणि झाकलेली वाहने. प्रत्यक्षात रस्त्याकडच्या बाजूला हिरवे कापड असते आणि मागच्या बाजूला, जिथे शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत, तिथे काहीच नसते. समितीने मागच्या बाजूने चक्कर मारावी. राडारोड्याच्या बाबतीत २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यावर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा व गिलावा असे वर्गीकरण करण्याची आणि काम सुरू होण्याआधी योजना मंजूर करून घेण्याची जबाबदारी टाकली. आपण या मर्यादेत बसत नाही असे कुणी म्हणू नये : २,००० चौरस मीटर बांधकामाच्या लहानशा संस्थेतही चौरस मीटरमागे अर्धाच टन धरला तरी १,००० टन निघतात. २०२५ च्या नव्या नियमांना १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख दिलेली असल्याने आपला प्रकल्प कोणत्या नियमांखाली येतो ते सल्लागाराकडून लेखी घ्यावे. प्रत्येक डंपरची पावती, ज्यावर माल कुठे उतरला त्या ठिकाणाची पोच असेल, ती संस्थेच्या दप्तरी यावी. ‘भरणीला गेला’ हे उत्तर स्वीकारू नये. ती भरणी कुणाच्या खाजणात झाली, हे नंतर कळून उपयोग नसतो.

सिमेंटचे जुने पत्रे वेगळ्या काळजीने काढावे लागतात. गच्चीवरच्या शेडचे, वाहनतळाचे, मोरीवरच्या आडोशाचे हे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, आणि ते हातोड्याने फोडले की सूक्ष्म तंतू हवेत जातात व फुप्फुसात बसतात. ते ओले करून, नट सोडवून, अखंड उतरवावेत, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत आणि घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी पाठवावेत. इतर राडारोड्यात मिसळू नयेत. ट्यूबलाइटी, जुने वातानुकूलक, जनरेटरमधले तेल हेही आधी बाहेर काढावे.

कामगारांविषयी दोनच गोष्टी मागतो, आणि दोन्ही तपासायला अभियंत्याची गरज नाही. पट्टा कमरेला आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे असे नाही. त्या पट्ट्याचा दोर कशाला बांधला आहे ते पाहावे. पाडकामात बहुतेक वेळा तो कशालाच बांधलेला नसतो, कारण बांधण्यासारखे जे होते ते भंगारात गेलेले असते. दुसरे, कामगार रात्री कुठे झोपतात ते विचारावे. वरचे मजले फुटत असताना तळमजल्यावरच्या रिकाम्या घरांत त्यांची चूल पेटलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. ठेकेदाराचे भाडे वाचते, सळईची राखणही होते. कामगारांच्या मुक्कामाची सोय इमारतीबाहेर असल्याशिवाय काम सुरू करू देणार नाही, असे संस्थेने लिहून कळवावे. हा अधिकार वापरायला जमिनीचा मालक असणे पुरेसे आहे.

शेवटी वेळापत्रक. एप्रिल-मे मध्ये चाव्या दिल्या जातात, कारण मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, आणि मग पाडकाम नेमके पावसाच्या तोंडावर सुरू होते. पावसात भिजलेला राडारोडा आणखी जड होतो आणि उघड्या पडलेल्या सामाईक भिंतीत पाणी मुरते. ३१ मेपर्यंत इमारत जोत्यापर्यंत उतरणार नसेल, तर ती बंद करून, पहारा ठेवून, पावसाळा संपेपर्यंत थांबणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्या चार महिन्यांच्या भाड्याचा बोजा कुणी उचलायचा हे मात्र करारनाम्यात आधी ठरलेले हवे. जोत्याखालच्या भूमिगत टाक्या, शोषखड्डे आणि जुनी विहीर असेल तर ती, यांच्या जागा नकाशावर दाखवून त्यांभोवती कुंपण घालावे, कारण सीसी, म्हणजे नवे बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मिळेपर्यंत ही जागा काही महिने तशीच पडून राहू शकते आणि साचलेल्या पाण्यात डासांची पैदास झाल्यास कीटकनाशक विभागाची नोटीस मालकाच्याच नावाने निघते.

ज्या संस्थांचा करारनामा अद्याप नोंदणीकृत झालेला नाही, त्यांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पाडकामाचा विषय वेगळा घालावा आणि तो भाड्याच्या विषयाच्या आधी घ्यावा, कारण भाड्याची चर्चा एकदा सुरू झाली की सभा तिथेच संपते. ज्यांचा करारनामा झालेला आहे, त्यांनी पूरक करारनाम्याचा आग्रह धरावा. चाव्या अजून तुमच्याकडे आहेत तोपर्यंत विकासक तो मान्य करण्याची शक्यता चांगली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक संरचना अभियंता, मुंबई